होडीच्या मोटारीची गिअरपेटी : दुरुस्त करावी कीं बदलावी?

डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांच्या किनाऱ्यावर, उत्तरेस झाईपासून दक्षिणेस चिंचणीपर्यंत, शेती आणि मासेमारी हे दोन्ही धंदे एकाच घरांत चालतांना पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतात. पावसाळ्यांत भाताची लावणी, विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला अगर चिकूचीं कांहीं झाडें, आणि समुद्र शांत असेल त्या दिवसांत खाडीच्या तोंडाशीं जाळें, अशी या कुटुंबांची वर्षाची घडी असते. अशा घरांत लहान होडीच्या मागें टांगलेली आउटबोर्ड मोटार ही विहिरीवरील पंपाइतकीच उत्पन्नाची वस्तु होय. ती बंद पडली म्हणजे केवळ मासळी बुडते असें नव्हे; शेताला लागणारा हातचा पैसाही तिच्याबरोबरच बुडतो.

या मोटारीचे स्थूलमानानें तीन भाग मानतां येतात : वरचें इंजिन, मधला उभा दांडा व त्याभोवतीचें आवरण, आणि सर्वांत खालीं पाण्यांत बुडालेली गिअरपेटी व तिचा पंखा. वरच्या इंजिनांत बिघाड झाला तर तो आवाजावरून अगर धुरावरून तत्काळ कळतो. गिअरपेटी मात्र पाण्याखालीं मुकाट्यानें झिजत असते आणि ऐन वेळीं दगा देते. मग दुकानांत चौकशी करावी तों संपूर्ण खालचा भाग नवा घेण्याचा सल्ला मिळतो, आणि ती किंमत ऐकून कोणी कर्ज काढतो, तर कोणी मोटार पडवींत टाकून देतो. आमचें म्हणणें असें कीं, या दोन टोंकांच्या मध्यें बऱ्याच पायऱ्या आहेत. पुष्कळशा गिअरपेट्या एखाद्या स्वस्त सीलाच्या अगर पिनेच्या हयगयीमुळें निकामी होतात. तेव्हां तपासणी स्वस्त भागापासून सुरू करून क्रमाक्रमानें महाग भागाकडे जावें, आणि या पायऱ्या संपल्यावरच बदलीचा विचार करावा. त्याच क्रमाचें विवेचन येथें करावयाचें आहे.

गिअरपेटीची रचना

इ. स. १९०९ मध्यें ओले एव्हिनरूड या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिरानें अमेरिकेंतील मिलवॉकी शहरांत आउटबोर्ड मोटारी विक्रीस आणिल्या. त्या पहिल्या मोटारींतही खालीं गिअरपेटी होतीच. गेल्या शंभरांहून अधिक वर्षांत तिचें मूळ तत्त्व बदललेलें नाहीं. इंजिनाचा उभा दांडा खालीं येतो व त्याच्या टोंकास एक लहान दांतेरी चाक असतें. त्यास पिनियन म्हणतात. हें पिनियन पंख्याच्या आडव्या दांड्यावरील दोन मोठ्या चाकांस फिरवितें. त्यांपैकीं एक चाक होडी पुढें नेण्याचें व दुसरें मागें घेण्याचें असून दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेस सदैव फिरत असतात. त्यांच्या मध्यें आडव्या दांड्यावर सरकणारा एक खाचांचा तुकडा असतो. कारागीर त्यास डॉग म्हणतात. हा तुकडा ज्या चाकांत अडकतो त्या चाकाबरोबर पंखा फिरतो, आणि मध्यें राहिला तर पंखा स्थिर राहातो. पिनियनास १३ व मोठ्या चाकास २७ दांत असतील, तर इंजिनाच्या साधारण दोन फेऱ्यांस पंख्याची एक फेरी होते. हें प्रमाण पुढें जुना भाग विकत घेतांना फार उपयोगीं पडतें, म्हणून तें येथेंच सांगून ठेविलें आहे. मागें नेणारें चाक नसलेल्या अगदीं लहान मोटारीही असतात. त्यांची पेटी याहून सोपी असते, परंतु पुढील बहुतेक सूचना त्यांसही लागू पडतात.

पेटींत घट्ट तेल भरलेलें असतें. तेल बाहेर जाऊं नये व समुद्राचें पाणी आंत येऊं नये, म्हणून उभा दांडा, पंख्याचा दांडा व गिअर बदलण्याची सळई हीं तिन्ही जेथें पेटींतून बाहेर पडतात तेथें रबरी सीलें बसविलेलीं असतात. पेटीच्या माथ्यावर थंड पाण्याचा लहानसा पंप असतो. त्यांतील पात्यांचें रबरी चक्र, म्हणजे इंपेलर, समुद्राचें पाणी वर इंजिनाकडे ढकलितें. विहिरीवरील पंप उघडून पाहिलेल्या शेतकऱ्यास हा पंप समजण्यास वेळ लागणार नाहीं. भेद एवढाच कीं, येथें पातीं रबराची असून खाडीच्या गढूळ पाण्यांत तीं लवकर झिजतात.

बिघाडाचीं कारणें

पहिलें कारण जाळ्याचा नायलॉनी दोरा. पंख्याभोंवतीं गुंतलेला दोरा वरवर कापून टाकला, तरी त्याचा एखादा बारीक वेढा पंख्याच्या पुढें, दांड्याच्या मुळाशीं शिल्लक राहातो. दांड्याबरोबर फिरतां फिरतां तो सीलाची कड कापतो, आणि तेथून पाणी आंत शिरूं लागतें. ज्याचा धंदाच जाळ्यांचा आहे, त्यानें या एका कारणाकडे सर्वांत अधिक लक्ष पुरविलें पाहिजे.

दुसरें कारण पंख्याच्या पिनेच्या जागीं मारलेला खिळा. लहान मोटारींत पंखा दांड्यावर एका मऊ धातूच्या पिनेनें अडकविलेला असतो. पंखा दगडावर आदळला कीं ती पिन तुटते आणि गिअर वांचतात. तुटणें हेंच तिचें काम होय. नवी पिन जवळ नाहीं म्हणून तेथें पोलादी खिळा ठोकला, तर पुढच्या धक्क्यास खिळा तुटत नाहीं, पिनियनाचे दांत तुटतात. दोन-चार पैशांची बचत करण्याच्या नादांत सर्व पेटी गमाविण्याचा हा अगदीं सरळ मार्ग आहे. मोठ्या मोटारींत पिनेऐवजीं पंख्याच्या मध्यभागीं रबरी गाभा बसविलेला असतो व तोच धक्का सोसतो.

तिसरें कारण आमच्या किनाऱ्याचें विशेष आहे. येथें भरती-ओहोटीचा फरक मोठा असून ओहोटीस पाणी दूर हटतें, खडक उघडे पडतात आणि खाडींतील होड्या चिखलांत बसतात. मोटार वर न उचलतां होडी बसूं दिली, तर पंप व पंखा चिखलांत रुततात, पाणी ओढण्याच्या जाळीवर वाळू बसते, आणि पुन्हां सुरू करतांना तीच वाळू इंपेलरांत जाते.

चौथें कारण धातूंचा गंज. पेटी ॲल्युमिनियमची व बोल्ट पोलादाचे. खाऱ्या पाण्यांत हे दोन धातु एकत्र आले कीं ॲल्युमिनियम खाल्लें जातें. तें वांचावें म्हणून पेटीवर जस्ताचा एक तुकडा लावलेला असतो. तो स्वतः झिजून पेटीस वांचवितो. या तुकड्यावर रंग लाविला तर त्याचा उपयोग मुळींच होत नाहीं. तो अर्धा झिजला कीं बदलावा.

तेलावरून परीक्षा

कोणताही खर्च करण्यापूर्वीं पेटींतील तेल पाहावें. हें काम घरीं करतां येतें व त्यास एक पेचकस आणि एक पसरट भांडें पुरतें. मोटार रात्रभर उभी ठेवावी. सकाळीं तळाचा स्क्रू किंचित् सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्यामुळें पेटींत मोकळें पाणी असेल तर तेंच प्रथम ठिबकतें. नंतर वरचा हवेचा स्क्रूही काढावा, म्हणजे सर्व तेल खालीं उतरतें. कांहीं जुन्या मोटारींत तळाच्या स्क्रूजवळच तसाच दिसणारा दुसरा स्क्रू असतो, व तो आंतील गिअर बदलण्याच्या कांट्यास धरून ठेवितो. तो चुकून काढला तर पेटी उघडण्याची पाळी येते. म्हणून कोणता स्क्रू तेलाचा, हें आधीं नीट पाहून घ्यावें.

तेल स्वच्छ अगर थोडें काळसर असेल, तर सीलें ठीक आहेत असें समजावें. तें दूध घातलेल्या चहासारखें अगर ताकासारखें दिसलें, तर पाणी आंत शिरलें आहे. परंतु एवढ्यावरून गिअर गेले असें मानूं नये. वेळींच सील बदलल्यास पेटी अनेक वर्षें चालूं शकते. तेलास जळका वास येत असेल, तर तेल कमी पडून चाकें तापलेलीं आहेत. तळाच्या स्क्रूस बहुधा लोहचुंबक असतें. त्यावर पिठासारखी काळी पूड असेल तर ती नेहमींची झीज होय. चमकदार कण अगर तुकडे असतील तर मात्र दांत अगर बेअरिंग फुटलें आहे, आणि मोटार एक दिवसही चालवूं नये.

आणखी एक परीक्षा येथेंच सांगणें इष्ट आहे. इंजिन जोरानें फिरतें पण होडीस वेग येत नाहीं, असें झालें म्हणजे गिअर घसरतो असा सर्वांचा समज होतो. पुष्कळदां गिअर निर्दोष असून पंख्याचा रबरी गाभाच सुटलेला असतो. पंख्याच्या आंतील व बाहेरील कड्यांवर आडवी एक सरळ रेघ खडूनें अगर रंगानें ओढावी आणि होडी थोडा वेळ भाराखालीं चालवावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील, तर दोष पंख्याचा आहे. त्याची दुरुस्ती गिअरपेटीच्या मानानें अगदीं थोडक्यांत होते.

पाणी कोठून शिरतें?

तेल पांढरें निघाल्यास सर्व सीलें एकदम बदलण्यापूर्वीं गळती शोधावी. रिकाम्या पेटीच्या वरच्या स्क्रूच्या छिद्रास नळी जोडून सायकलच्या पंपानें आंत हवा भरावी व खालचें छिद्र बंद ठेवावें. दाब मोजण्याचें घड्याळ जोडलेलें असावें आणि दाब दर चौरस इंचास १० ते १२ पौंडांपलीकडे जाऊं देऊं नये. अधिक दाबानें चांगलीं सीलेंही उचकटतात. पांच मिनिटें दाब उतरला नाहीं, तर पेटी बंदिस्त आहे. उतरला, तर सर्व जोडांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे कोठें येतात तें पाहावें. या वेळीं पंखा हातानें फिरवावा व गिअरची सळई मागें-पुढें करावी, कारण कांहीं सीलें स्थिर असतां गळत नाहींत, हालचालींत गळतात. पुष्कळदां दोष फक्त तेलाच्या स्क्रूखालील चपट्या वायसराचा निघतो. तेल बदलतांना दर वेळीं हे वायसर नवे घालावेत हें बरें.

घरीं होण्यासारखीं कामें

काम सुरू करण्यापूर्वीं ठिणगीच्या प्लगाची तार काढून ठेवावी, म्हणजे पंखा फिरवितांना इंजिन अकस्मात् सुरू होण्याचें भय राहात नाहीं.

पंखा काढून दांडा पुसणें, दोरा काढणें व ग्रीस लावणें हें काम ज्यास त्यास करतां आलें पाहिजे. पंख्याच्या दांड्याचें सील बदलावयाचें असल्यास त्यामागील बेअरिंगची चकती बाहेर ओढावी लागते. लहान मोटारींत ती दोन बोल्टांनीं बसविलेली असते. मोठ्या मोटारींत ओढण्याचें साधन लागतें. बहुतेक ठिकाणीं सीलें दोन असून त्यांच्या पाठी एकमेकांस लागलेल्या असतात. आंतील सील तेल अडवितें व बाहेरील सील पाणी अडवितें. जुनीं सीलें काढतांना त्यांचीं तोंडें कोणत्या दिशेस होतीं तें टिपून ठेवावें. दांड्यावर जेथें सीलाची कड घासते तेथें नखास लागण्याइतकी खाच पडली असेल, तर नवें सीलही गळेल. अशा वेळीं नवें सील जागा असल्यास किंचित् मागें-पुढें बसवावें, अगर कातकाम करणाऱ्याकडून दांड्यावर न गंजणाऱ्या पोलादाची पातळ बांगडी चढवून घ्यावी.

इंपेलर बदलण्यास पेटी मधल्या भागापासून खालीं उतरवावी लागते. बोल्ट खारट पाण्यानें जाम झालेले असतात. जोर करून ते तोडण्यापेक्षां गंज सोडविणारें तेल रात्रभर मुरूं द्यावें, थोडी ऊब द्यावी आणि पाना मागें-पुढें करीत सैल करावेत. आंत तुटलेला बोल्ट काढण्याचा खर्च इंपेलराहून जास्त होतो. पुष्कळ मोटारींत एक बोल्ट पंख्यावरील लहान सुकाणूच्या पात्याखालीं लपलेला असतो. तें पातें काढण्यापूर्वीं त्याची जागा खुणेनें दाखवून ठेवावी. गिअर बदलण्याची सळईही सोडवावी लागते. नवा इंपेलर साबणाच्या पाण्यानें ओला करून, दांडा ज्या दिशेस फिरतो त्याच दिशेस फिरवीत घरांत बसवावा, म्हणजे सर्व पातीं एकाच बाजूस वांकतात. त्याची छोटी चावी जागेवर आहे याची खात्री करावी.

पेटी पुन्हां चढवितांना उभ्या दांड्याच्या खाचांच्या बाजूंस ग्रीस लावावें, परंतु अगदीं टोंकावर लावूं नये. तेथें सांचलेलें ग्रीस दांड्यास पूर्ण वर जाऊं देत नाहीं व पेटी नीट बसत नाहीं. पाण्याची नळी तिच्या रबरी तोंडांतच गेली आहे हें पाहावें. बोल्टांस समुद्राच्या कामाचें ग्रीस लावावें. पुढच्या वर्षीं त्याचें चीज होईल.

तेल भरण्याची रीतही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तें वरून ओतूं नये. आंत हवा कोंडून पेटी अर्धीच भरते. तळाच्या छिद्रांतून नळीनें तेल हळूहळू वर चढवावें. वरच्या छिद्रांतून बुडबुडे थांबून शुद्ध तेल येऊं लागलें कीं प्रथम वरचा स्क्रू लावावा, आणि मग नळी काढून चपळाईनें खालचा. तेल मोटारीच्या पुस्तकांत सांगितलेल्या जातीचें, म्हणजे सामान्यतः ९० नंबरचें समुद्री गिअर तेल असावें. इंजिनाचें उरलेलें तेल यांत घालूं नये. काढलेलें तेल खाडींत, बांधावर अगर विहिरीजवळ टाकूं नये. डहाणू तालुका १९९१ सालच्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरविलेला आहे. परंतु अधिसूचना नसती तरीही, ज्या खाडींत आपण जाळें टाकतों तींत तेल ओतणें हें आपल्याच ताटांत माती कालविणें होय.

कारागिराकडे सोंपवावयाचें काम

बेअरिंगें, डॉग व चाकें यांच्या बाबतींत स्वतः हात घालूं नये. पिनियन व चाक यांचे दांत एकमेकांत किती खोल बसावेत, हें पातळ पत्र्याच्या चकत्या घालून ठरवावें लागतें; केसाएवढा फरक पडला तरी नवीं चाकें थोड्याच दिवसांत खराब होतात. कारागिराकडे जाण्यापूर्वीं खर्च कमी करण्याचे दोन मार्ग मात्र आपल्या हातीं आहेत.

पहिला असा कीं, बेअरिंगें व सीलें हीं बहुतेक मापाच्या हिशेबानें बाजारांत मिळतात. बेअरिंगाच्या कडेवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. सीलावर आंतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी हे तीन आंकडे असतात. जुना नमुना हातांत घेऊन तलासरीहून जवळच असलेल्या वापीच्या बाजारांत, अगर मुंबईस नागदेवी रस्त्यावरील दुकानांत गेल्यास मोटारीच्या कंपनीच्या पेटींतून घेण्यापेक्षां तोच माल थोडक्यांत मिळण्याचा संभव असतो. एक अट मात्र सोडूं नये : सीलाच्या आंतील स्प्रिंग न गंजणाऱ्या पोलादाची असावी. शेतपंपाच्या कामास चालणारें साधें सील खाऱ्या पाण्यांत एका हंगामांत गंजून सुटतें.

दुसरा मार्ग असा कीं, कातकाम करणाऱ्याकडून कोणतें काम घ्यावें व कोणतें घेऊं नये हें जाणणें. ओढण्याचें साधन, बांगडी, तुटलेला बोल्ट काढणें, पंख्याखालच्या तुटलेल्या पात्यास आर्गन वेल्डिंगनें जोड देणें, हीं कामें स्थानिक कारागीर उत्तम करूं शकतात. परंतु दांतेरी चाक साध्या पोलादांतून कापून घेऊं नये. मूळ चाकांचा पृष्ठभाग विशेष प्रक्रियेनें कठीण केलेला असतो, आणि नुसत्या कापलेल्या चाकाचे दांत पिठासारखे झिजतात. तसेंच पिनियन एकटेंच न बदलतां तें ज्या चाकाशीं घासतें त्यासह जोडीनें बदलावें. बेअरिंग ज्या जागेंत बसतें ती जागाच तडकली असेल, तर वेल्डिंगच्या उष्णतेनें ती वेडीवांकडी होते. तेथें दुरुस्ती संपली असें समजावें.

दुरुस्तीची मर्यादा

येथवर आल्यावर हिशेब मांडावा. आमच्या मतें सर्वांत सोपा नियम असा : चांगल्या स्थितींतील जुन्या संपूर्ण पेटीची किंमत शंभर धरली, आणि दुरुस्तीचा खर्च मजुरीसह पन्नासांपर्यंत आला, तर दुरुस्ती करावी, त्याहून पुष्कळ वर गेला, तर जुनी पेटी घ्यावी. सीलें, इंपेलर व पंख्याचा गाभा यांचा खर्च या मर्यादेच्या फार खालीं राहातो. चाकांची जोडी, डॉग व बेअरिंगें हीं सर्वच गेलीं असतील तर तो सहज वर जातो. या हिशेबांत होडी बंद राहिलेल्या दिवसांचें नुकसानही धरलें पाहिजे. हंगामाच्या ऐन भरांत पंधरा दिवस वाट पाहून वांचविलेला पैसा बहुधा वांचलेला नसतो.

आणखी एक विचार आधींच करावा. वरचें इंजिनच थकलेलें असेल, तर त्याखालीं चांगली पेटी बसविणें म्हणजे जुन्या कुडास नवें दार लावणें होय. म्हणून पेटीवर खर्च करण्यापूर्वीं कारागिराकडून इंजिनाचा दाब मोजून घ्यावा. तो चांगला असेल तरच पुढचा खर्च सार्थ ठरतो.

जुनी पेटी घेतांना

जुनी पेटी घेतांना मोटारीचें मॉडेल व क्रमांक लिहून न्यावा, आणि केवळ अश्वशक्ति सारखी आहे एवढ्यावर विसंबूं नये. दांड्याची लांबी प्रथम पाहावी. या लांब्या साधारणतः १५, २० व २५ इंच अशा असतात, आणि आंखूड दांड्याची पेटी लांब मोटारीस जोडतां येत नाहीं. मग उभ्या दांड्यावरील खाचांची संख्या मोजावी. नंतर वर सांगितलेलें दांतांचें प्रमाण पाहावें. तें निराळें असेल तर जुना पंखा चालणार नाहीं व इंजिन एक तर दमेल, नाहीं तर भरमसाट फिरेल.

विकणाऱ्याच्या समक्ष तेल काढून पाहावें. तेल नुकतेंच बदललेलें असेल, तर लोहचुंबकावरील पूड व हवेचा दाब यांवर भर द्यावा. पंख्याचा दांडा हातानें फिरवून त्याचें टोंक डोलतें कीं काय हें पाहावें; डोलणारा दांडा वांकलेला असतो व तो नवीं सीलेंही फाडतो. गिअर पुढें, मध्यें व मागें असे तिन्ही ठिकाणीं स्पष्ट बसले पाहिजेत. पेटीवर नवा रंग असेल, तर वेल्डिंगच्या खुणा रंगाखालीं शोधाव्यात. ज्या मोटारीचें उत्पादन थांबलें आहे तिचा भाग स्वस्त दिसला तरी पुढचा विचार करावा. एव्हिनरूड या जुन्या नांवाच्या मोटारींचें उत्पादनही २०२० मध्यें बंद झालें. ज्या मोटारी आपल्या बंदरांत अनेकांकडे आहेत, त्यांचेच भाग व त्यांचेच जाणते कारागीर सहज मिळतात.

पेटी जोडल्यावर होडी थेट समुद्रांत नेऊं नये. मोठ्या पिंपांत गोडें पाणी भरून मोटार कांहीं मिनिटें हळू चालवावी. थंड पाण्याची पिचकारी जोरानें पडते कीं नाहीं, व गिअर तिन्ही ठिकाणीं बसतो कीं नाहीं, हें पाहावें. पहिल्या कांहीं फेऱ्यांनंतर तेल पुन्हां तपासावें. आणि दुरुस्ती कितीही चांगली झालेली असो, होडींत वल्हीं, नांगर व जादा पिना ठेविल्यावांचून निघूं नये. ओहोटीच्या ओढींत, खडकांच्या बाहेर, मोटार बंद पडली तर जीव वांचविणारी वस्तु तींच आहेत.

वर्षाचा क्रम

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. याच दिवसांत भाताचें बीं, खत व लावणीची मजुरी यांसाठीं घरांतील रोकड बाहेर पडते. ज्यानें मोटार जुलैच्या अखेरीस प्रथम उघडली, त्यास बिघाड व कर्ज दोन्ही एकदमच भेटतात, आणि कारागिराच्या दारीं तोपर्यंत रांग लागलेली असते. म्हणून मेच्या अखेरीस, होडी वर ओढतांच, मोटार गोड्या पाण्यानें धुवावी, तेल काढून पाहावें व नवें भरावें. पाणी मिसळलेलें तेल दोन महिने तसेंच राहिलें, तर पाणी तळाशीं सांचून तेथील बेअरिंगें गंजतात. थंड देशांत हेंच पाणी हिवाळ्यांत गोठून पेटी फोडतें. आपल्याकडे गंज तेंच काम हळूहळू करितो. मोटार पाणी निथळेल अशी उभी ठेवावी. दोष आढळल्यास जूनमध्येंच भाग मागवावेत. ऑगस्टमध्यें हंगाम सुरू झाल्यावर दर भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्यास ओढ कमी असते तेव्हां, पंखा काढून दोरा पाहावा. या कामास घटकाभर पुरते.

एकट्यानें न पेलणारें काम

शेवटीं आम्हांस असें सुचवावेंसें वाटतें कीं, ओढण्याचें साधन, दाबाचें घड्याळ व चांगले पाने प्रत्येक घरानें विकत घेण्याचें कारण नाहीं. फवारणीचीं यंत्रें व मळणीयंत्रें शेतकरी जसे संस्थेमार्फत वापरतात, तशीच हत्यारांची एक पेटी गांवच्या मच्छीमार अगर शेतकरी सहकारी संस्थेनें ठेवावी. त्याबरोबर सीलें, इंपेलर व पिना यांचा थोडा सांठा, आणि कोणाकडे कोणत्या मोटारीचे जुने भाग पडून आहेत याची एक वही. पडवींत गंजत असलेली एकाची मोटार ही दुसऱ्याची गिअरपेटी ठरूं शकते. ज्यांस खेळत्या भांडवलाची अडचण आहे त्यांनीं हेंही लक्षांत ठेवावें कीं, किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायासही लागू करण्यांत आली आहे. खासगी सावकाराच्या दारीं जाण्यापूर्वीं बँकेंत त्याविषयीं चौकशी करावी.

गिअरपेटी ही गूढ वस्तु नाहीं. ती तेलांतून आपली स्थिति वर्षांतून एकदां तरी सांगत असते. तें सांगणें ऐकणारा माणूस थोड्या खर्चांत निभावतो, आणि न ऐकणारा सर्व किंमत एकदम मोजतो. येत्या मेमध्यें होडी वर ओढल्यावर तळाचा तो एक स्क्रू सैल करण्याचें काम आमच्या वाचकांनीं भाताच्या बियाण्याची तजवीज करण्याआधीं उरकून घ्यावें, एवढीच आमची विनंती आहे.